प्रकल्प नोंदी: लातूरच्या गच्चीवर एचेवेरिया आणि तिची भावंडे

२९ ऑक्टोबर २०२३, रविवार

पुण्याहून मागवलेली अकरा रोपे आज कुरिअरने आली. मुळांवरची माती झटकून प्रत्येक रोप वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले होते आणि चार दिवसांच्या प्रवासानंतरही एकाचेही पान मलूल झालेले नव्हते. त्यांत एचेवेरिया एलिगन्सची तीन, 'पर्ल फॉन न्यूर्नबर्ग' या जांभळट संकर वाणाची तीन, ग्रॅप्टोपेटॅलमची दोन, हॉवर्थियाची दोन आणि सेंपरव्हायव्हमचे एक, अशी रोपे आहेत. जाती वेगवेगळ्या असल्या तरी घडण एकच आहे: खोड अगदी आखूड आणि त्याभोवती जाड पाने इतकी दाटीने गुंफलेली, की वरून पाहिल्यास उमललेल्या कमळाचा भास होतो. या रचनेला बागकाम करणारे सगळेच रोझेट म्हणतात, म्हणून या वहीतही तोच शब्द वापरत आहे.

हा उद्योग हाती घेण्यामागचे कारण येथे नोंदवून ठेवते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरची जास्वंद, मोगरा आणि तगर एकामागून एक वाळून गेली, कारण भांडी घासलेले पाणी कुंड्यांना घालणेही तेव्हा चैनीचे वाटत होते. त्यानंतर रिकाम्या कुंड्या जिन्याखाली पडून राहिल्या. पानांतच पाणी साठवणारी रोपे आपल्या दुष्काळी भागाला सोयीची असतात, असे सर्वत्र सांगितले जाते. हे गृहीतक लातूरच्या हवेत कितपत टिकते, ते वर्षभर वजने आणि तापमाने टिपून पाहायचे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

आत्याबाईंनी एक रोप तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "ह्ये तर घायपाताचं लेकरू दिसतंय गं." वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने घायपात वेगळ्या कुळातला आहे, पण सासूबाईंच्या नजरेने नेमके रोझेटच ओळखले होते.

१ नोव्हेंबर २०२३, बुधवार

तीन दिवस सावलीत ठेवल्याने मुळांवरच्या जखमा सुकल्या होत्या, म्हणून आज लागवड केली. शेतातील काळी माती मुद्दाम टाळली. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते, मुळांजवळची हवा हुसकून लावते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा देते. कापसाला आणि हरभऱ्याला तिचे पाणी धरून ठेवणे वरदान ठरते, पण चार इंची कुंडीतल्या एचेवेरियाला तोच शाप ठरेल.

मिश्रण पुढीलप्रमाणे केले: फुटक्या विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे चार डबे, चाळून घेतलेला मुरूम तीन डबे, चुलीतल्या लाकडी कोळशाचे तुकडे एक डबा आणि गांडूळखत एक डबा. मुरमातली बारीक पूड चाळून टाकणे हेच यातले खरे काम आहे. पूड राहिली तर ती पहिल्याच पाण्याबरोबर तळाशी बसते आणि तिथे सिमेंटसारखा थर तयार होतो. वीट आणि कोळसा दोन्ही सच्छिद्र असल्याने थोडे पाणी स्वतःत मुरवतात आणि उरलेले सोडून देतात. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतून पाहिले, तेव्हा ते दहा सेकंदांच्या आत खालच्या भोकातून बाहेर आले. तेवढ्या वेळात आले नसते, तर मिश्रण पुन्हा चाळले असते.

कुंड्या कुंभाराकडच्या, न रंगवलेल्या आहेत.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

पाणी कधी घालावे, या प्रश्नाला "आठवड्यातून एकदा" हे उत्तर देणे म्हणजे रुग्णाला न पाहता औषध लिहून देण्यासारखे आहे. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा गच्चीवर नेला. 'पर्ल'ची एक कुंडी पाणी पिऊन निथळल्यावर ६१० ग्रॅम भरली आणि तेराव्या दिवशी ४६० ग्रॅमवर येऊन तिथेच स्थिर राहिली, म्हणजे मिश्रणात आता देण्याजोगे पाणी उरलेले नाही. त्यानंतर आणखी दोन दिवस थांबून पाणी द्यायचे, असा नियम ठरवला आहे. खालचे पान चिमटीत धरून पाहिल्यास ते किंचित लवते, आणि ही खूण वजनाशी बरोबर जुळते.

पाणी नेहमी मिश्रणावर घालावे, रोझेटच्या मध्यभागी नव्हे. आमच्या बोअरचे पाणी जड असल्याने पानावर थेंब वाळला की क्षाराचा पांढरा गोल डाग राहतो. तो पुसायला जावे, तर पानावरचा मेणाचा थरही जातो. द्राक्षावर असते तशी ही पांढरी भुकटी उन्हापासून पानाचे रक्षण करते आणि एकदा बोटाने पुसली गेली की त्या पानावर पुन्हा येत नाही. शेजारच्या ताईंच्या नातवाने पहिल्याच दिवशी एलिगन्सच्या एका पानावर बोट फिरवले होते, आणि तो ठसा ते पान गळेपर्यंत तिथेच राहणार आहे.

१० डिसेंबर २०२३, रविवार

पानांपासून नवी रोपे करण्याचा प्रयोग सुरू केला. 'पर्ल' आणि ग्रॅप्टोपेटॅलमची प्रत्येकी बारा खालची पाने काढली. पान ओढायचे नसते. ते दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवत गेले की खोडापासून टिचकीसारखा आवाज होऊन सुटते. देठाचा तळ अखंड सुटला तरच उपयोग होतो, कारण नवा कोंब तिथेच फुटतो. शाळेत आपण सगळ्यांनी वहीत दाबून ठेवलेली पानफुटी याच कुळातली आहे, मात्र तिची रोपे पानाच्या कडेवरील खाचांतून येतात. एचेवेरियाच्या पानाची कडा कितीही जपली तरी तिथे काही उगवत नाही.

पाने सुपात पसरून ओसरीत ठेवली आहेत आणि पाणी अजिबात घातलेले नाही.

२४ डिसेंबर २०२३, रविवार

ही नोंद लांब होईल, कारण विषय माझ्या पोटापाण्याच्या शास्त्राशी येऊन भिडला आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते.

बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वेळी त्या रंध्रांतून पाणीही गमावतात. या कुळातील झाडांनी वेगळा मार्ग धरला आहे. ती दिवसभर रंध्रे मिटून बसतात आणि रात्री गारवा आला की उघडतात, आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींतील रिक्तिकांमध्ये साठवतात आणि दिवसा दारे बंद ठेवून त्याच साठ्यातून, सूर्यप्रकाशाच्या बळावर, साखर बनवतात. म्हणून त्यांची पाने पहाटे आंबट असतात आणि संध्याकाळपर्यंत तो आंबटपणा संपतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा फरक चक्क पाने चावून टिपला होता आणि त्याचे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. त्याने चावलेली पाने पानफुटीची होती. आपल्या परसातल्या झाडाने जगाला एवढी मोठी गोष्ट सांगितली, हे मला इतकी वर्षे शिकवूनही ठाऊक नव्हते. (कोणी हा प्रयोग तोंडाने करू नये. पानफुटीने जनावरांना विषबाधा होते.)

मी चव न घेता थेंब मोजले. ग्रॅप्टोपेटॅलमची दोन ग्रॅम पाने पहाटे सहा वाजता तोडून ऊर्ध्वपातित पाण्यात उकळली, पाणी गार करून त्यात फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकले आणि दशांश नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ड्रॉपरने सोडत गेले. गुलाबी रंग टिकला, म्हणजे पानांतले आम्ल संपले; त्याला ३६ थेंब लागले. थेंब जितके जास्त, तितके आम्ल जास्त. संध्याकाळी साडेपाच वाजता त्याच रोपाची तेवढीच पाने घेतली, तेव्हा ९ थेंबांतच रंग आला. रात्री गच्चीवरचे किमान तापमान १३ अंश होते. ड्रॉपरचे थेंब ब्युरेटइतके अचूक नसतात, हे मान्य आहे, पण ३६ आणि ९ यांतला फरक थेंबाच्या चुकीने भरून निघण्यासारखा नाही.

११ जानेवारी २०२४, गुरुवार

आज वेळा अमावस्या, त्यामुळे सकाळीच सगळे शेतावर गेलो. भज्जी आणि आंबील झाल्यावर बांधावरच्या घायपातांपाशी बराच वेळ रेंगाळले. आत्याबाईंनी लहानपणी त्याचा वाख काढून दोर वळल्याचे सांगितले. घायपातही मूळचा मेक्सिकोचा आणि एचेवेरियाही तिथलीच. तिला हे नाव १८२८ मध्ये द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मेक्सिकन चित्रकार अतानासिओ एचेवेरीया याच्यावरून दिले. हा चित्रकार स्पेनच्या वनस्पती-मोहिमेसोबत तिथल्या झाडांची चित्रे काढत फिरला होता. मग एक देशबंधू काळ्या रानाच्या बांधावर कोणी न पुसता वाढतो आणि दुसरीला मात्र वजनकाटा आणि चाळलेला मुरूम लागतो, याचे कारण काय असावे, हा प्रश्न परतताना डोक्यात राहिला. एलिगन्स ज्या इदाल्गो प्रांतातली आहे, त्याची राजधानी पाचूका समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. हे उत्तर असू शकेल.

घरी आल्यावर पाहिले तर थंडीने 'पर्ल'चा जांभळा रंग गडद झाला होता आणि एलिगन्सच्या पानांच्या टोकांना गुलाबी छटा आली होती. गारवा आणि भरपूर ऊन एकत्र मिळाले की पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य वाढते. कोणतेही खत घालून हा रंग आणता येत नाही.

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

चोवीस पानांचा हिशेब: ग्रॅप्टोपेटॅलमच्या बारापैकी अकरा पानांना मुळे आणि कोंब दोन्ही आले. 'पर्ल'च्या पाच पानांना दोन्ही आले, तिघांना गुलाबी मुळे फुटली पण कोंबच नाही, आणि चार सुकून गेली. ग्रॅप्टोपेटॅलमच्या जातीचे नाव 'पॅराग्वायेन्से' आहे, पण ते चुकीच्या समजुतीतून पडलेले आहे, कारण झाड पॅराग्वेचे नसून मेक्सिकोचेच आहे. चुकीचा पत्ता लागूनही इतक्या उत्साहाने वाढणारे दुसरे रोप माझ्याकडे नाही.

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

कुंडीच्या कडेवरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तेव्हाच संशय आला. 'पर्ल'च्या रोझेटमध्ये, पानांच्या बेचक्यात, कापसासारखे पांढरे पुंजके सापडले. हा पिठ्या ढेकूण आहे. मुंग्या त्याने सोडलेला गोड चिकटा खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात, त्यामुळे मुंग्या आवरल्याशिवाय तो जात नाही.

भावजींनी कपाशीवर फवारण्याचे औषध देऊ केले, परंतु घरात, ओसरीत आणि लहान मुलांच्या हाताच्या अंतरावर तसले औषध वापरणे मला पटले नाही. कान साफ करायच्या काडीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका टिपला, असे चार चार दिवसांनी पाच वेळा करण्याचे ठरवले आहे, कारण अंड्यांतून निघणारी पिल्ले पहिल्या खेपेस सुटतातच. मेण थोडे गेले, त्याला इलाज नाही. कुंड्यांखाली पाणी भरलेल्या ताटल्या आणि त्यांत उपड्या वाट्या ठेवून मुंग्यांचा रस्ता तोडला. आमच्या आजी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तीच ही रीत आहे. निंबोळी तेल वापरले नाही, कारण ते मेणाचा थर विरघळवते आणि त्यावर ऊन पडले की पान भाजते.

१७ मार्च २०२४, रविवार

चूक नोंदवते. पूर्वेकडच्या ओसरीतली तीन रोपे "आणखी ऊन मिळेल" म्हणून एकदम उघड्या गच्चीवर नेली. तिसऱ्या दिवशी पानांच्या पश्चिमेकडील अंगावर तपकिरी, कागदासारखे चट्टे पडले. भाजलेले पान बरे होत नाही. ऊन रोज तासाभराने वाढवत नेले असते, तर पानांना स्वतःचा बंदोबस्त करायला वेळ मिळाला असता.

१४ एप्रिल २०२४, रविवार

बांबूच्या चौकटीवर पन्नास टक्के सावलीची शेडनेट ताणली आणि पश्चिमेकडून ती खाली जमिनीपर्यंत सोडली. सेंपरव्हायव्हम गेले. त्याच्या नावाचा अर्थ 'सदाजीवी' असा आहे. ते युरोपातील डोंगरांत बर्फाखालीही तग धरते, पण लातूरच्या एप्रिलशी त्याची गाठ पडलेली नव्हती. ते पुन्हा आणणार नाही. हॉवर्थिया मात्र उत्तरेच्या खिडकीत, घराच्या आत, काहीही न मागता बसून आहेत. ज्यांच्याकडे गच्ची नाही, त्यांना मी केवळ हॉवर्थियाच सुचवेन.

५ मे २०२४, रविवार

एलिगन्सची पाने सुरकुतली आहेत आणि रोझेट कोबीच्या गड्ड्यासारखे आत मिटत चालले आहे. वजन ४५० ग्रॅम असल्याने मी मागच्या रविवारी तिन्ही कुंड्यांना भरपूर पाणी घातले होते. आज सकाळी कुंड्यांचे वजन ५९५ आहे, म्हणजे सात दिवसांत पाणी जवळपास तसेच आहे, आणि सुरकुत्याही तशाच आहेत. मुळांनी पाणी प्यायलेलेच नाही. एका रोपाचे खालचे पान हात लावताच गळाले. ते पिवळट, काचेसारखे पारदर्शक झाले होते आणि खोडाचा तळ काळा पडला होता.

प्रश्न पाण्याचा नाही, हे आज पहिल्यांदा स्पष्टपणे जाणवले. पहाटे पाच वाजता शेडनेटखाली २८ अंश तापमान होते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. डिसेंबरसारखाच थेंबांचा प्रयोग ग्रॅप्टोपेटॅलमवर केला. पहाटेच्या पानांना ३६ ऐवजी १७ थेंब लागले. उष्ण रात्री रंध्रे पुरती उघडत नाहीत, आत आलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल कमी बनते आणि साठवलेली साखर मात्र श्वसनात भराभर खर्च होते. म्हणजे रोपाला तहान लागलेली नसून ते अर्धपोटी आहे, आणि अर्धपोटी असल्यामुळेच पडून राहिले आहे. सुरकुत्या पाहून कीव आली आणि पाणी घातले, ती कीवच त्याला भोवली. पाचूकासारख्या उंचीवर दिवस कितीही तापला तरी रात्र गार होते. बांधावरच्या घायपाताकडे जाड खोड आणि वर्षानुवर्षांचा साठा आहे. माझ्या चार इंची कुंडीतल्या रोपाकडे दोन्ही नाही.

रात्र कशी गार करावी?

१२ मे २०२४, रविवार

पहिला प्रयत्न माठाच्या तत्त्वावर केला. मोठ्या मातीच्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधल्या जागेत वाळू भरली आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली केली. बाहेरच्या भिंतीतून पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. मिश्रणात खुपसलेला तापमापक शेजारच्या साध्या कुंडीपेक्षा पाच अंशांनी कमी दाखवत होता, तेव्हा मी फार खूश झाले. परंतु आतली कुंडीही सच्छिद्र मातीचीच असल्याने तिने वाळूतले पाणी आत ओढले आणि सहा दिवसांत मुळे सतत ओली राहिली. रोपाने काही सांगण्याआधी वजनकाट्यानेच ते सांगितले. आतली कुंडी प्लास्टिकची बदलली आहे. यात मुळे गार राहतात, पण पाने मात्र उष्ण हवेतच असतात, आणि आम्ल पानांत बनते. म्हणून हा उपाय अर्धाच आहे.

१९ मे २०२४, रविवार

दुसरा विचार मुलाने सुचवला. "आई, रात्री आपण कूलरपुढे झोपतो, मग यांनाही झोपू दे की!"

आपल्याकडच्या मे महिन्यातली हवा कोरडी असल्यामुळेच कूलर चालतो. त्या कोरडेपणाचा फायदा रोपांनाही मिळायला हरकत नाही. रात्री उजेडाची गरज नसते, त्यामुळे रोपे खोलीत असली तरी बिघडत नाही. ग्रॅप्टोपेटॅलमच्या सारख्या वाढीच्या दोन कुंड्या निवडल्या. एक गच्चीवर राहील आणि दुसरी रात्री आठ ते सकाळी सहा कूलरच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, मात्र कूलरच्या झोतातील तुषार अंगावर येणार नाहीत एवढ्या अंतरावर. दिवसा दोन्ही शेडनेटखाली शेजारी शेजारी राहतील.

२ जून २०२४, रविवार

दोन आठवड्यांचा निकाल. काल रात्री गच्चीवर किमान २७ अंश आणि खोलीत २३ अंश होते. पहाटे गच्चीवरच्या कुंडीतील पानांना १६ थेंब लागले, तर खोलीत झोपलेल्या कुंडीतील पानांना २७. त्या रोपाच्या मध्यभागी दोन नवी पाने दिसू लागली आहेत आणि दुसऱ्याचे केंद्र मिटलेलेच आहे. केवळ दोन कुंड्यांवरून नियम सांगता येत नाही, हे विद्यार्थ्यांना मीच बजावत असते, पण पुढच्या उन्हाळ्यात सगळ्याच रोपांची रात्रीची वरात खाली आणायची, एवढे मात्र नक्की.

एलिगन्सचे काळे पडलेले रोप वाचले नाही. उरलेल्या दोघींना पाणी बंद केले आहे. त्या सुरकुतलेल्या असल्या तरी घट्ट आहेत, आणि सुरकुतलेले रोप वाचवता येते, सडलेले येत नाही.

३० जून २०२४, रविवार

पाऊस सुरू झाला, रात्री २३ अंशांवर आल्या. सुरकुत्या दहा दिवसांत भरून निघाल्या. पावसाचे पाणी पिंपात साठवले. त्याने क्षाराचे डाग पडत नाहीत.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

उन्हाळ्यात शिकलेले पावसाळ्यात पुरले नाही. भिजू नये म्हणून शेडनेटवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद टाकला आणि शिंतोडे येऊ नयेत म्हणून तो बाजूंनीही सोडला. पाणी आत आले नाही, पण वारेही आले नाही. तापमान योग्य असूनही तीन आठवडे पानांच्या बेचक्यांत दमट हवा कोंडून राहिली आणि 'पर्ल'च्या एका रोपाच्या खोडावर बुरशी आली.

येथे शस्त्रक्रिया करावी लागली. स्पिरिटने पुसलेल्या पात्याने रोझेट खोडापासून कापले. कापलेल्या खोडाच्या मधोमध तपकिरी ठिपका होता, म्हणून आणखी अर्धा सेंटिमीटर वर कापले. तरीही ठिपका दिसला, तेव्हा पुन्हा कापले. चौथ्या कापात गाभा स्वच्छ हिरवट-पांढरा निघाला. एकही तपकिरी रेघ शिल्लक राहिली तर वरचे सगळे फुकट जाते, त्यामुळे इथे हात आखडून चालत नाही. पाने गळत गळत रोझेट निम्मे झाले, पण ते स्वच्छ आहे. आता पाच दिवस जखम सुकू द्यायची आणि नंतर कोरड्या मिश्रणावर नुसते टेकवून ठेवायचे, पाणी मुळे दिसल्यावरच. आत्याबाई बाजेवरून सगळे पाहत होत्या. म्हणाल्या, "केळीचा कांदा बी असाच तासून लावत्यात."

बाजूचे कागद काढून टाकले, फक्त वरचा ठेवला. एक जुना टेबलफॅन दुपारी दोन तास लावते.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. परभणी-हिंगोलीकडच्या नातेवाइकांची उभी सोयाबीन पाण्याखाली गेली. त्यापुढे माझ्या कुंड्यांची नोंद करणे संकोचाचे वाटते. रोपे आधीच ओसरीत घेतली होती, नुकसान नाही.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

कापलेल्या 'पर्ल'ला मुळे आली. फेकायला मन झाले नव्हते म्हणून कुंडीत तसाच ठेवलेला तिच्या खोडाचा निरोगी तुकडाही चार छोटे कोंब घेऊन बसला आहे. शेंडा काढल्यावर खोडावरच्या झोपलेल्या कळ्या जाग्या होतात, हे तुरीचे शेंडे खुडणाऱ्या कोणालाही नवीन नाही.

वर्षाचा हिशेब: आणलेल्या अकरांपैकी नऊ जिवंत आहेत. गेलेली दोन्ही, म्हणजे सेंपरव्हायव्हम आणि एक एलिगन्स, एप्रिल-मेमध्ये गेली, आणि दोन्ही वेळी कुंडीत पाणी होते. पानांपासून झालेली सोळांपैकी बारा रोपे टिकली. त्यांतली पाच वाटली, पण प्रत्येकीला देताना मे महिन्यात पाणी न घालण्याची अट घातली आहे. कितीजणी ती पाळतील, याबद्दल मला शंका आहे, कारण सुरकुतलेले पान पाहून हात आपोआप तांब्याकडे जातो.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

गच्चीवर पहाटे ११ अंश. ग्रॅप्टोपेटॅलमच्या दोन ग्रॅम पानांना ३७ थेंब लागले. एलिगन्सच्या एका रोपाला पहिल्यांदाच तळाशी दोन पिल्ले फुटली आहेत आणि मधून फुलाचा दांडा डोकावू लागला आहे. घायपातासारखे हे झाड एकदा फुलून मरत नाही, हे आत्याबाईंना दोनदा सांगितले, तरी त्या रोज सकाळी येऊन ते जिवंत आहे ना, याची खात्री करून जातात. पुढच्या मेसाठी कूलरच्या खोलीतल्या कट्ट्यावर लोखंडी मांडणी करायला टाकली आहे. एलिगन्सच्या कुंडीचे वजन आज ४७५ ग्रॅम आहे, म्हणून पाणी बुधवारनंतर द्यायचे.